पुन्हा घ्याल का?

“मुलगी चांगली आहे,” उनाइसी फोनवर म्हणाली, आणि ते खरं होतं. “म्हाताऱ्या माणसांना हसवते. काम करता करता गाते.” तेही खरं होतं. पलीकडे ब्रिस्बेनजवळच्या इप्सविचच्या एका वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक बोलत होते, थ्रेलफॉल नावाचे. आवाज सभ्य, पण घाईतला. मागे कोणीतरी कपबशा गोळा करत होतं. लोसालिनी वेळेवर येते का, अंगचोर आहे का, वरच्यांशी नीट बोलते का, असं एकेक विचारून झालं. उनाइसीनं प्रत्येक प्रश्नाला खरं तेच उत्तर दिलं. मग ते म्हणाले, “बरं, शेवटचं. हे सगळ्यांनाच विचारावं लागतं. तुम्ही स्वतः तिला पुन्हा कामावर घ्याल का?”

“हो,” उनाइसी म्हणाली.

“छान. एवढंच हवं होतं,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

ती रिसीव्हर हातात धरून तशीच बसून राहिली. खिडकीबाहेर गाड्यांच्या टपांवर जॅकरांडाची जांभळी फुलं पडून सुकत होती. दुपारच्या चहाची ट्रॉली कॉरिडॉरमधून खडखडत गेली, कोणीतरी बिस्किटं मागत होतं. कोणी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी कोणाला काय वाटणार होतं, एक साधा हो तर होता. पण माशाचा बारीक काटा घशात राहावा तसा तो राहिला. गिळावा तर टोचतो, खाकरावा तर निघत नाही. ती मनाशी म्हणाली, घेतलंही असतं मी तिला पुन्हा. आणि लगेच तिला दिसलं की घेतलं असतं, पण कुठे? चर्चच्या गायनमंडळात घेतलं असतं, आपल्या घरात ठेवून घेतलं असतं, स्वयंपाकघरात भांड्यांवर घेतलं असतं. इथं, या लांबलचक कॉरिडॉरच्या शेवटच्या खोल्यांत, दिवे मंद झाल्यावर, तिला एकटीला सोडलं असतं का? थ्रेलफॉलनं तेच तर विचारलं होतं. ती उठली, गणवेशावरची नावाची पट्टी सरळ केली आणि फेरीला निघाली. त्या पट्टीचं तिच्या मंडळीत मोठं कौतुक होतं. फिजीतल्या कोरो बेटावरून आलेली बाई, जिनं याच फरशा पुसल्या, ती आता या वृद्धाश्रमाच्या तळमजल्याची इन्चार्ज. ब्रिस्बेनमधल्या फिजीच्या चर्चमध्ये नव्या आलेल्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून सांगत, बघा, प्रामाणिकपणे राहिलं की असं होतं. सगळ्या तरुण पोरी तिला नेई म्हणत, आत्याला म्हणतात तसं. लोसालिनीही म्हणायची.

मिसेस हेस्केथच्या दाराशी तिची पावलं नेहमीसारखी जरा अडखळली. जानेवारीतली ती पहाट, इथल्या ऐन उन्हाळ्यातली. उकाड्यानं भिंतीसुद्धा रात्रभर तापलेल्या. घरचा पंखा बिघडला होता, झोप लागत नव्हती, म्हणून उनाइसी त्या दिवशी लवकर आली होती. सहज म्हणून या खोलीत डोकावली. म्हातारी जागी होती. हात छातीवर ठेवून छताकडे बघत पडली होती. जवळ गेल्यावर वास आला. चादर ओली होती, आणि नुसती ओली नव्हती, गार पडलेली होती. म्हणजे कधीची तरी. ओठांना पापुद्रे धरले होते. “अहो, बेल का नाही वाजवलीत?” म्हणत तिनं उशीपाशी हात घातला तर तिथं बेल नव्हतीच. पलंगामागच्या भिंतीवर, मिस्टर हेस्केथचा फोटो ज्या खिळ्याला टांगला होता, त्याच खिळ्याला बेलची वायर अडकवलेली होती. नीट वेटोळी करून. पुढे कितीतरी दिवस तिला ती वेटोळीच आठवत राहिली. रागाच्या भरात कोणी वायर ओढून फेकली असती तर एक वेळ कळलं असतं. हे कोणीतरी शांतपणे, सावकाश, तार मोडू नये अशी काळजी घेऊन केलं होतं. “मी कोणाला त्रास तर नाही ना दिला?” मिसेस हेस्केथनं विचारलं होतं. शेजारच्या खोलीत तसंच. त्याच्या पलीकडेही तसंच.

लोसालिनी चादरींच्या खोलीत सापडली. धुऊन आलेल्या चादरींच्या ढिगावर, पायात बूट तसेच ठेवून, तोंड उघडं टाकून झोपलेली. उनाइसीचा हात उचलला गेला होता. मग तिला त्या पोरीचे घोटे दिसले, सुजून बुटांच्या काठावरून बाहेर आलेले. आदल्या दुपारी आपणच तिला म्हटलं होतं, लोसा, आजचा दिवस निभावून ने गं. त्याच्या आदल्या दिवशीही म्हटलं होतं. माणसं सुट्टीवर, कंपनी नवीन माणूस देत नाही, आणि आपल्या बेटाची पोर नेईला नाही म्हणत नाही. एक ड्यूटी संपली की दुसरी, दुसरी संपते तो घरी जाऊन परत. लोसालिनी जागी झाली, समोर नेईला बघितलं आणि काही न विचारता रडायलाच लागली. “सारखी वाजते हो ती बेल, नेई. सारखी. डोक्यात वाजते. मी फक्त जरा वेळ म्हणून…” मग दोघी त्या चादरींत गुडघे टेकून बसल्या. आपल्या भाषेत प्रार्थना केली, दोघी रडल्या. उनाइसीनं तिला जवळ घेऊन सांगितलं, “प्रभूनं माफ केलं, मीही केलं. तू आपणहून सोड. मी कोणाला काही बोलणार नाही.” आणि ओझं उतरलं. खरंच उतरलं होतं. घरी जाताना गाडीत तिला वाटलं होतं, याहून ख्रिस्ती वागणं ते दुसरं काय असतं?

शनिवारी लोसालिनी घरीच आली. कसावाचा केक घेऊन, मामाला बरोबर घेऊन. मामा तानिएला म्हणजे मंडळीचा कारभारी. दारातून आत येताना दार लहान वाटावं असा माणूस. लोसालिनीनं नेईच्या गळ्यात हात टाकले. “झालं, नेई! घेतलं त्यांनी! परवा कागद, पुढच्या आठवड्यात कामावर. साहेब म्हणाले, तुझ्या इन्चार्जबाईंनी फार चांगलं सांगितलं.” उनाइसीच्या नवऱ्यानं, इसिरेलीनं, केकचा तुकडा मोडून तोंडात टाकला. “लोसा, यात नारळ घातलायस की नुसता नारळाच्या झाडाखालून नेलायस?” “काका, तुमच्या जिभेला आता इथल्या डब्यातल्या मासळीचीच सवय!” सगळे हसले. तानिएला खुर्चीत बसत म्हणाला, “उनाइसी, उपकार झाले बघ. तुमच्याकडचं काम सुटल्यापासून स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर पोरीची कंबर गेली होती. वादळात घर उडालं तेव्हापासून बहीण माझी गावी ताडपत्रीखाली राहते. आता छप्पर होईल.” उनाइसी चहा गाळत होती. तिनं पाठ न वळवता विचारलं, “कुठला वॉर्ड दिलाय?”

“आठवण गेलेल्यांचा,” लोसालिनी म्हणाली. “निवांत काम आहे. त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही. तक्रार कोण करणार!”

ती हसतच म्हणाली. कुठल्याही पोरीनं म्हणावं तसं, मनात काही नसताना. पण चहाची धार बशीत गेली आणि उनाइसी फडकं शोधायच्या निमित्तानं आत निघून गेली. मोरीपाशी उभी राहून तिनं नळ सोडला. बाहेर इसिरेली कावा, फिजीत पितात ते मुळांचं पेय, कालवायला बसला होता, तानिएलाचं मोठ्यानं बोलणं चालू होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर तिनं कधी न बघितलेला इप्सविचचा एक कॉरिडॉर होता. तो कॉरिडॉर हुबेहूब इथल्यासारखाच होता. फक्त तिथली माणसं सकाळी काही सांगू शकणार नव्हती.

रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी तिचीच होती. ती उभी राहिली, वाचलं, बसली. काय वाचलं ते तिला कळलं नाही. गायनमंडळात लोसालिनी पहिल्या ओळीत होती, आणि ती गायला लागली तशी मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. तिचा आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलं सगळं धुऊन निघालं. उनाइसीच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी मनात कोणीतरी शांतपणे म्हणत होतं, हा आवाज आणि ते हात एकाच अंगाचे आहेत. हे तिला कोणापाशी बोलता येईना. पोरगी वाईट असती तर किती सोपं झालं असतं. परतताना गाडीत तिनं इसिरेलीला सगळं सांगितलं, जानेवारीपासून.

“माफ केलंस ना तिला?” त्यानं विचारलं.

“केलं.”

“मग संपलं. पुन्हा उकरून काढतेस ती माफी कसली?” सिग्नलला थांबल्यावर तो पुन्हा म्हणाला, “हा थ्रेलफॉल तुझा कोण लागतो?”

“कोणी नाही.”

“आणि लोसा?”

“आपली.”

“झालं तर.”

“इसि, पण ते तिथले म्हातारे? ते कोणाचे लागतात?”

“मला काय ठाऊक! त्यांची पोरंबाळं असतील की.” सिग्नल हिरवा झाला होता, मागचा हॉर्न वाजवत होता, आणि तो तसाच बसून होता. मग गाडी पुढे काढत तो हळूच म्हणाला, “तानिएला आपल्याला गाडून टाकेल.” त्या बोलण्यात ‘करू नकोस’ असं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिला ओळखता येत होतं.

सोमवारी सकाळी ती मिसेस हेस्केथचे केस विंचरायला गेली. इन्चार्जचं हे काम नव्हे, पण अधूनमधून ती करायची. कापसासारखे केस, कंगव्यातून जाताना जाणवत नव्हते. खिडकीतून उन्हाची तिरीप पलंगावर आली होती. तिनं विचारलं, “तुम्हाला लोसालिनी आठवते का?”

“गाणारी? आठवते की. काय गोड गळा! माझा मुलगा भेटायला आला तर म्हणाला, आई, तुझ्याकडे रेडिओ लागतोय वाटतं.” म्हातारी हसली. मग तिच्या हातांनी मांडीवरची शाल जवळ ओढून घेतली. “रात्री मात्र मला तिची भीती वाटायची.”

“मग बोलला का नाहीत? मला सांगायचं होतं.”

“सांगणार होते गं. त्या सकाळी तू मला कोरडं केलंस, चहा दिलास. म्हटलं, आता ही विचारेल. मग तुम्ही दोघी पलीकडच्या चादरींच्या खोलीत रडायला लागलात. ही भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. भाषा काही कळली नाही, पण आमेन कळलं. म्हटलं, यांचं मिटलेलं दिसतंय.” तिनं शालीची कड दुमडली. “मी वाट बघितली जराशी. वाटलं, कोणीतरी माझ्याकडेही येईल. मग जेवणाची वेळ झाली.”

कंगवा उनाइसीच्या हातात तसाच राहिला. एवढे महिने ती पहाट तिच्या मनात एखाद्या स्वच्छ खोलीसारखी होती. आत दोन बायका आणि प्रभू. भिंतीपलीकडे तिसरी बाई जागी होती, कोरड्या चादरीवर पडून वाट बघत होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. जिचं ओठ सुकेपर्यंत तोंड बंद ठेवलं गेलं, तिला सोडून बाकी सगळ्यांनी एकमेकांना माफ करून टाकलं होतं. ती पुढे आली, पलंगाच्या कडेवर बसली. “मिसेस हेस्केथ, माझं चुकलं.”

“तुझं? तू तर चादर बदललीस.”

“त्यानंतरचं चुकलं. तुमच्याकडे यायला हवं होतं.”

म्हातारीनं तिच्याकडे निरखून बघितलं, जणू ही बाई आपल्याला आज पहिल्यांदाच नीट दिसतेय. “आलीस ना आता. बरं झालं.” मग तिनं विचारलं, “आता कुठे असते ती?”

“इप्सविचला लागतेय कामाला. अशाच ठिकाणी. माझ्या सांगण्यावरून.”

मिसेस हेस्केथनं विचारलं, “तिथल्यांना बोलता येतं का?”

उनाइसीनं उरलेले केस विंचरले, पिन लावली, बेल हाताशी आहे ना ते बघितलं आणि बाहेर आली.

संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर ती आधी लोसालिनीकडे गेली. वुडरिजला एका जुन्या घरात पाचसहा पोरी मिळून राहत. मागच्या अंगणात लोसालिनी नवा गणवेश पाण्यातून काढून वाळत घालत होती, खांद्याच्या शिवणी ओढून ओढून सरळ करत होती. नेईला बघून तिचा चेहरा फुलला, आणि उनाइसीचा चेहरा बघून तसाच थांबला.

“तुला आधी सांगायला आले,” उनाइसी म्हणाली. “उद्या सकाळी मी थ्रेलफॉलना फोन करणार आहे. मी त्यांना खोटं सांगितलं.”

“काय खोटं?”

“तुला पुन्हा घेईन म्हणाले.”

लोसालिनीला कळायला थोडा वेळ लागला. मग ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही मला माफ केलं होतं, नेई.”

“केलं होतं. आजही केलेलंच आहे.”

“ही कसली माफी? खुंटीला टांगून ठेवायची आणि हवी तेव्हा काढायची?”

“अगं, माझ्याकडची होती ती मी दिली. हेस्केथबाईंची माझ्याकडे नव्हतीच. ती मी परस्पर वाटून टाकली. त्यांना विचारलंसुद्धा नाही.” ती जवळ गेली. “आपण दोघी जाऊ त्यांच्याकडे. मी येते तुझ्याबरोबर. त्या बोलतील तुझ्याशी, चांगल्या आहेत.”

“आणि आईला काय सांगू? ताडपत्रीतच राहा, नेईला उपरती झालीय?”

“मला माहीत आहे, लोसा.”

“माहीत आहे आणि तरी करताय!” आता तिचा आवाज चढला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली. “मी एकदा चुकले तर मला हे. आणि मला दिवसरात्र उभं कोणी ठेवलं होतं? लोसा, निभावून ने. लोसा, आजचा दिवस. लोसा, तू माझी शहाणी पोर. हे सांगणार का त्या साहेबाला? की तेवढं गिळाल?”

“तेही सांगणार आहे.”

“सांगाल! मोठ्या पट्टीवाल्या तुम्ही. बघतेच मी.” तिनं दोरीवरचा ओला गणवेश ओढून काढला, छातीशी धरला आणि आत निघून गेली. दार आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर उनाइसीला घरी जाणं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी थ्रेलफॉलशी बोलायला फार वेळ लागला नाही. जे झालं ते तिनं पहिल्यापासून सांगितलं, डबल ड्यूटीसकट, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. ती पोर मुळात क्रूर नाही, हेही सांगितलं. पण थकली की तिचं काय होतं ते मी बघितलंय, आणि मीच तिला थकवलं होतं. थ्रेलफॉलनं विचारलं, “तुम्ही तेव्हा वर कळवलं होतं?” “नाही.” “मग आता मला कळवावं लागेल.” “कळवा. मीही आता वरच जातेय.” ते फोन ठेवतील असं तिला वाटलं, पण ते म्हणाले, “एक सांगू का? त्या दिवशी तुम्ही हो म्हणायच्या आधी जरा थांबला होतात. मला ते ऐकू आलं होतं. पण माझ्याकडे माणसं नाहीत हो. मी पुढे विचारलं नाही, कारण मला विचारायचंच नव्हतं.”

आपण थांबलो होतो हे उनाइसीला आठवत नव्हतं. जिना चढताना ती त्याच गोष्टीचा विचार करत राहिली, की अंगाला कळलं होतं, फक्त तोंडानं ऐकलं नाही.

इथल्या व्यवस्थापक प्राउजबाईंनी सगळं लिहून घेतलं. चेहऱ्यावर काळजी होती आणि ती खोटी नव्हती. बेलचं ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “त्या मुलीनं केलं ते भयंकरच आहे. ते जायलाच हवं वर. पण डबल ड्यूटीचा भाग यात आणायलाच हवा का? त्यानं विषय विनाकारण पसरेल.”

“ड्यूटी मी लावली होती, बाई.”

“तेच म्हणते मी. तुमच्यावरच येईल ते.”

“तुम्हाला विचारून लावली होती.”

खाली कोणीतरी पियानोवर एकाच बोटानं काहीतरी वाजवत होतं. उनाइसीला एकदम फार मोकळं वाटलं असं काही झालं नाही. तिला भीती वाटत होती. तरी तिनं म्हटलं, “अर्धंच मिटवायचं असतं तर ते मी जानेवारीतच केलं होतं.”

चौकशी झाली. वरच्या कार्यालयातून दोन बायका आल्या, सगळ्यांशी बोलल्या. मिसेस हेस्केथ त्यांच्याशी सावकाश, मधेमधे झोपी जात बोलली. तिच्या मुलानं उनाइसीशी हस्तांदोलन केलं नाही. लोसालिनीला इप्सविचचं काम मिळालं नाही; ती कोंबड्या साफ करून डब्यात भरायच्या कारखान्यात लागली. उनाइसीची पट्टी गेली. काढून टाकलं नाही तिला, माणसांच्या टंचाईत तेवढं कंपनीला परवडणारं नव्हतं. साधी मदतनीस म्हणून त्याच मजल्यावर ठेवलं. काही आठवडे कोणालाही डबल ड्यूटी लागली नाही. मग एकदा लागली. मग लागत राहिली. चर्चमध्ये तानिएलाच्या घरच्यांनी पलीकडची बाकं धरली. शास्त्रपाठाच्या पाळीतून तिचं नाव कधी गेलं ते कोणी सांगितलं नाही. पाळकसाहेब दारात हात हातात घेऊन म्हणायचे, “प्रभू बघतोय,” पण मोठ्यानं म्हणायचे नाहीत. इसिरेलीला शनिवारच्या कावा-बैठकीला कोणी बोलवेना. “ठीक आहे,” तो म्हणाला, “माझं लिव्हर तुला दुवा देईल.” तो ते सगळं अशा थट्टेतच पेलत होता, आणि ती थट्टा किती जड आहे ते तिला कळत होतं. लोसालिनी गायनमंडळात गातच होती. नेईकडे बघत नसे. मिसेस हेस्केथला भेटायला ती आली नाही. उनाइसी रात्री तिच्यासाठी प्रार्थना करायची, पण आता त्या प्रार्थनेला पूर्वीसारखी ऊब राहिली नव्हती. आपण बरोबर केलं का, हे ती विचारत नसे. बरोबर केल्यावर सगळं नीट होतं असं आपल्याला कोणी सांगितलं होतं, हे मात्र ती आठवायचा प्रयत्न करायची. कोणीच सांगितलं नव्हतं. ती आपली आपणच तसं धरून चालली होती.

मग हिवाळ्यात एक सकाळ आली. तिची सलग दुसरी ड्यूटी संपायची होती. नवी इन्चार्ज ब्रॉनी आदल्या दिवशी हात जोडून म्हणाली होती, एवढा एक दिवस. मिस्टर बॅरोंना न्हाऊ घालून कपडे चढवायचे होते. म्हातारा ऐकेना. बाहीत हात घालू देईना, एकदा तिच्या अंगावर थुंकला, मग तिचे केस धरून ओढले. उनाइसीला पायांचं अस्तित्व कळत नव्हतं. डोक्यात एक बारीक गुंजन चालू होतं, बंद न होणारं. तिनं त्याचा हात मनगटाच्या वर धरला. हाड लागलं. सोडायला हवं होतं तेव्हा तिनं सोडला नाही. आणखी दाबला. रागानं नव्हे. राग असता तर तिला स्वतःची भीती वाटली नसती. आत सगळं शांत, गार आणि नीटनेटकं होतं, आणि त्या शांततेत तिला वाटलं, आता गप्प बसेल. तो खरंच गप्प बसला. तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

तिनं हात सोडला. पातळ कातडीवर चार बोटांचे लाल वळ उठले होते. हे बाहेरून बघणं वेगळं आणि आतून बघणं वेगळं, एवढंच तिच्या मनात आलं. इतके दिवस ती लोसासाठी वरून खाली बघत प्रार्थना करत होती.

“मिस्टर बॅरो,” ती म्हणाली, “मी तुमचा हात जोरात दाबला. माझं चुकलं.” तिनं त्यांना पांघरूण लपेटून दिलं, दार उघडं टाकलं आणि ब्रॉनीकडे गेली.

“मला घरी पाठव. माझे हात आज भरवशाचे नाहीत. बॅरोंच्या हातावर वळ आहेत, ते मी उठवलेत. तसं लिही.”

ब्रॉनीचा चेहरा रडवेला झाला. “अगं, पण दुसरं माणूस नाहीये!”

“शोध.”

“कुठून शोधू मी?”

“ते मला कधी जमलं नाही,” उनाइसी म्हणाली. “तू शोध.”

ब्रॉनीनं फोन उचलला. एकाला लावला, दुसऱ्याला लावला. कोणीतरी यायला निघालं, पण वेळ लागणार होता. तोवर म्हाताऱ्याला एकटं कसं ठेवायचं, म्हणून उनाइसी परत खोलीत गेली, ब्रॉनीला दारात उभं राहायला सांगून. ती पलंगापासून दूर खुर्चीवर बसली, हात मांडीवर उताणे ठेवून. मिस्टर बॅरो तिच्याकडे बघत होते. मघाचं त्यांच्या डोळ्यांतून गेलं होतं की आतच कुठे बसलं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

“तू कोण?” त्यांनी विचारलं.

“उनाइसी.”

“काय करतेस इथं?”

“तुम्हाला कपडे घालायला आले होते. जमलं नाही नीट.”

त्यांनी थोडा विचार केला. मग पांघरुणातून आपला हात बाहेर काढला, वळ उठलेला, आणि तिच्या दिशेनं धरला. “मग घाल की. थंडी वाजते.”

उनाइसीनं दाराकडे बघितलं. ब्रॉनी तिथंच होती. मग ती उठली आणि बाहीचं तोंड दोन्ही हातांनी रुंद करून धरून उभी राहिली, त्यांचा हात आपणहून आत येईपर्यंत.